धोबी तलावचं झेवियर्स: जागा तेवढीच, कॉलेज मोठं

कॉलेज ‘वाढलं’ असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर काय येतं? नवी इमारत, नवा मजला, गावाबाहेर घेतलेली वीस एकर जमीन आणि तिच्या फाटकावरची मोठी कमान. दक्षिण मुंबईतल्या जुन्या कॉलेजांना हे शक्यच नव्हतं. मग ती वाढली कशी? माझ्या पीएचडीचा विषय मुंबईतल्या शिक्षणसंस्था आणि त्यांच्या जागा असा असल्यामुळे हा प्रश्न सतत माझ्यासमोर असतो. आज त्याचं उत्तर एकाच कॉलेजाच्या गोष्टीतून शोधू. ते कॉलेज म्हणजे महापालिका मार्गावरचं सेंट झेवियर्स.

‘मोठ्या लोकांचं कॉलेज’, ‘मल्हारवालं कॉलेज’ ही झेवियर्सची ओळख बहुतेकांना असते. ती जरा बाजूला ठेवा. जर्मन पाद्र्यांनी काढलेलं, स्पॅनिश पाद्र्यांनी सांभाळलेलं आणि आता स्वायत्त झालेलं हे कॉलेज दीडशे वर्षं एकाच मोहल्ल्यात कसं टिकलं, ते बघू. शेवटी आजच्या एका अडचणीपर्यंत यायचंय. ती अडचण आधीचं समजल्याशिवाय कळत नाही, म्हणून सुरुवात जरा लांबून करतो.

जर्मन पाद्री मुंबईत कशाला आले?

पहिला प्रश्न हाच पडायला हवा. मुंबईतले कॅथलिक म्हणजे वसई-साष्टीचे ईस्ट इंडियन, गोव्याहून आलेले, मंगळूरचे. त्यांचा धर्म पोर्तुगिजांच्या वाटेने आला. मग कॉलेज काढायला जर्मन कुठून आले?

जेझुइट म्हणजे येशूसंघाचे पाद्री. शिक्षण हे त्यांचं जुनं काम. जुन्या गोव्यात सोळाव्या शतकात त्यांचं सेंट पॉल कॉलेज होतं आणि भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये तिथेच सुरू झाला. पण अठराव्या शतकात या संघाला मोठा तडाखा बसला. पोर्तुगालने 1759 मध्ये त्यांना आपल्या मुलखातून हाकललं आणि 1773 मध्ये खुद्द पोपने संघच बरखास्त केला. तो पुन्हा उभा राहिला 1814 मध्ये. म्हणजे गोवा-मुंबई पट्ट्यातली जुनी जेझुइट परंपरा मध्येच तुटली होती.

मुंबईत आणखी एक भानगड होती. इथल्या कॅथलिकांवर अधिकार कोणाचा, गोव्याच्या आर्चबिशपचा की रोमने थेट नेमलेल्या प्रतिनिधीचा? इंग्रजांनी 1720 च्या सुमारास गोव्याकडच्या पाद्र्यांना मुंबईतून काढलं आणि रोमकडून आलेल्या कार्मेलाइट पाद्र्यांना बोलावलं. त्याच सुमारास जेझुइटांची परळची मालमत्ताही गेली आणि तिथे पुढे गव्हर्नरचा बंगला झाला. आज तिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. गोवा की रोम हा वाद पुढे पिढ्यान् पिढ्या चालला. काही चर्चेस एका बाजूला, काही दुसऱ्या बाजूला. कधीकधी एकाच मोहल्ल्यात दोन पक्ष.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रोमच्या बाजूचे बिशप अनास्तासियस हार्टमन यांना शाळा चालवू शकतील अशी माणसं हवी होती. ती जर्मन जेझुइटांच्या रूपाने 1850 च्या दशकात आली. म्हणजे जर्मन इथे आले त्याला कारण मुंबईच्या कॅथलिकांमधली जुनी फूट.

1869: दोन विद्यार्थ्यांचा वर्ग

कॉलेज सुरू झालं जानेवारी 1869 मध्ये. आजच्या इमारतीपासून थोडं उत्तरेला, अगदी काही पावलांवर. बी.ए.च्या पहिल्या वर्गात विद्यार्थी होते दोन. दोघंही 1871 मध्ये पदवीधर झाले.

दोन विद्यार्थी ऐकून हसू येईल, पण तेव्हाचं विद्यापीठ कसं चालायचं ते लक्षात घ्या. मुंबई विद्यापीठ 1857 चं. ते स्वतः शिकवत नसे. परीक्षा घेणं आणि पदव्या देणं एवढंच त्याचं काम. शिकवायचं संलग्न कॉलेजांनी. त्यामुळे शहरात कोणती कॉलेजं आहेत यावर उच्च शिक्षण कसं असेल हे ठरायचं. एल्फिन्स्टन सरकारी. विल्सन स्कॉटिश प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचं. त्याची मुळं 1832 पर्यंत जातात. आणि आता तिसरं, कॅथलिक.

त्या 1869 सालाकडेही जरा नीट बघा. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, 1860 च्या दशकात, मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली होती. किल्ल्यासमोरचं मोकळं मैदान, म्हणजे एस्प्लनेड, शहराला नव्याने वापरायला मिळालं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर 1865 मध्ये कापसाचा फुगा फुटला, कित्येक घराणी बुडाली. पण नव्या शहराचा आराखडा तेवढा उरला. क्रॉफर्ड मार्केट बांधून झालं तेही 1869 मध्येच, आणि सुएझ कालवा उघडला तोही त्याच वर्षी. पुढच्या पंचवीसेक वर्षांत याच पट्ट्यात कामा हॉस्पिटल (1886), व्हिक्टोरिया टर्मिनस आणि महापालिकेची इमारत (1893) उभी राहिली. झेवियर्सची आजची दगडी इमारतही याच लाटेतली, टोकदार कमानींची.

धोबी तलावच का?

नकाशा समोर धरा. दक्षिणेला जुना किल्ला, म्हणजे साहेबांचं आणि पेढ्यांचं गाव. उत्तरेला काळबादेवी, गिरगाव, म्हणजे ‘नेटिव्ह टाऊन’. या दोघांच्या सांध्यावर धोबी तलाव. तलाव कधीच बुजला, नाव तेवढं राहिलं.

शेजारीच कॅव्हेल, जुनी कॅथलिक वस्ती. धोबी तलावच्या आसपास गोंयकारांचे ‘कूड’ होते, म्हणजे एकेका गावच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोल्या. बोटीवर नोकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मध्ये तिथे उतरायचा. यांच्या मुलांना शाळा हवी होती. म्हणून शाळा आणि कॉलेज सुरुवातीपासून जोडीने वाढले. आजही त्या ठोकळ्यात उत्तरेला लोकमान्य टिळक मार्गाच्या बाजूने सेंट झेवियर्स हायस्कूल आणि दक्षिणेला महापालिका मार्गावर कॉलेज. पाठीला पाठ लावून बसलेली दोन भावंडंच म्हणा.

पण जागेचा फायदा फक्त कॅथलिकांपुरता नव्हता. गिरगाव-काळबादेवीचा मराठी, गुजराती मुलगा चालत येऊ शकत होता. आजूबाजूला पारशी वस्ती होतीच. आणि कॉलेजला या मुलांची गरज होती. हा मुद्दा समजला की पुढचं सगळं समजतं.

पैशाचं गणित

सरकारने 1854 च्या वुडच्या खलित्यापासून खाजगी शाळा-कॉलेजांना अनुदान द्यायचं धोरण घेतलं. अट एवढीच की सरकारी पैसा ऐहिक शिक्षणासाठी. इतिहास, गणित, इंग्रजी, संस्कृत शिकवा. धर्मशिक्षणाशी सरकारचं देणं-घेणं नाही. त्यामुळे मिशनरी कॉलेजला टिकायचं तर विद्यापीठाच्या परीक्षेत पास होणारी मुलं हवीत आणि फी भरणारी मुलं हवीत. शहरातल्या मूठभर कॅथलिकांमधून तेवढी मिळणं शक्य नव्हतं. म्हणून कॅथलिक कॉलेज पहिल्यापासून सर्वांचं झालं. त्यात उदारपणा असेलही, पण हिशोबही होता. दोन्ही एकत्र असू शकतात.

गणिताची दुसरी बाजू म्हणजे शिक्षकांचा पगार. जेझुइटांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं. पगार व्यक्तीच्या खिशात जात नाही, तो संघाच्या सामायिक तिजोरीत जातो. म्हणजे उत्तम शिकलेले, आयुष्यभर बदली न मागणारे, घरसंसार नसलेले प्राध्यापक खूप कमी खर्चात. वाचवलेले पैसे इमारतीत, प्रयोगशाळेत, ग्रंथालयात.

ही माणसं एवढ्या संख्येने इथे कशी आली, याचं एक कारण जर्मनीत आहे. बिस्मार्कने 1872 मध्ये कायदा करून जेझुइटांना जर्मनीतून घालवलं. तो कायदा 1917 पर्यंत पूर्ण रद्द झाला नाही. मायदेशी काम करायला बंदी, मग शिकलेली माणसं परदेशातल्या मिशनांकडे वळली. बर्लिनमधल्या राजकारणाचा फायदा धोबी तलावला झाला.

आता या मॉडेलमधला धोका तुमच्या लक्षात आला का? सगळा डोलारा एका देशातून येणाऱ्या माणसांवर उभा होता.

चौक, म्हणजे कॉलेजचं पोट

तिकडे जाण्याआधी इमारतीबद्दल थोडं. झेवियर्सच्या आत शिरलं की मोकळा चौक लागतो आणि त्याच्या भोवती कमानींचे व्हरांडे. मुलं त्याला ‘फर्स्ट क्वाड’ म्हणतात. ही रचना युरोपातल्या मठांमधून आलेली आहे. मधे अंगण, चारी बाजूंनी छताखालचा रस्ता, त्या रस्त्यावर उघडणाऱ्या खोल्या. मठात या रस्त्यावरून चालत चिंतन करायचं. कॉलेजात एका तासावरून दुसऱ्या तासाला जायचं.

आपल्याला ही रचना परकी वाटत नाही, कारण वाड्याचा चौक आपण ओळखतो. उजेड आत येतो, वारा खेळतो, पाऊस पडत असला तरी कोरडं फिरता येतं. मुंबईच्या हवेत ती कामाला आली. पण चौकाचा एक परिणाम कायमचा होतो. चौकाभोवती बांधलेली इमारत एकदा पूर्ण झाली की बंद होते. तिला बाजूला जोड देता येत नाही. शिवाय मागे शाळा, पुढे रस्ता, शेजारी हॉस्पिटल. मुंबईत 1995 मध्ये वारसा इमारतींची नियमावली आली आणि अशा इमारतींचं बाह्यरूप बदलणंही जवळपास संपलं.

म्हणजे विसाव्या शतकात शिरताना कॉलेजची जमीन जवळपास ठरून गेली होती. यापुढची वाढ कुठे व्हायची होती? कपाटांमध्ये.

ब्लाटर यांची कपाटं

एथेलबर्ट ब्लाटर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट, जन्म 1877 चा. वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्यांनी 1906 मध्ये कॉलेजात हर्बेरियम सुरू केलं. त्याला आज ब्लाटर हर्बेरियम म्हणतात. तिथे सुमारे दोन लाख नमुने आहेत.

हर्बेरियम म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. रानातून वनस्पतीची फांदी आणायची, पानं, फुलं, जमल्यास फळं असलेली. कागदांमध्ये दाबून वाळवायची. जाड कागदावर चिकटवायची किंवा शिवायची. कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: नाव काय, कुठे सापडली, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केली. बस्स. असा एक कागद म्हणजे ‘शीट’.

एका शीटला फारसा अर्थ नाही. पण एकाच जागेवरून, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी आणलेली शीटं एकत्र ठेवली की ती बोलायला लागतात. कारवीचं उदाहरण घ्या. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना माहीत असतं की कारवी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि फुलली की डोंगरच्या डोंगर जांभळा करते. हे तपासायचं कसं? एका संशोधकाच्या हयातीत असे फुलोरे पाच-सहाच व्हायचे. पण तारखा लावलेली शंभर वर्षांची शीटं असतील तर कुठल्या डोंगरावर कोणत्या वर्षी फुलं आली होती हे मागे जाऊन बघता येतं. आज ज्याला आपण हवामानबदल म्हणतो, त्याचा माग काढायलाही अशाच तारखा लागतात. आणि त्या आज नव्याने तयार करता येत नाहीत. 1910 चं फूल 1910 मध्येच तोडावं लागतं.

याच परंपरेत पुढे आले स्पॅनिश जेझुइट हर्मेनेगिल्ड सांतापाऊ. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1953 चा. कारवीच्या कुळातल्या झाडांच्या एकाच वेळी फुलण्यावरही त्यांनी लिहिलं. सरकारने 1954 मध्ये बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाची नव्याने उभारणी केली, तेव्हा या कॉलेजचा हा प्राध्यापक तिथे नेतृत्वाला गेला. 1967 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धोबी तलावच्या एका खोलीत वाढलेलं काम देशाच्या संस्थेत गेलं, ते असं.

कॉलेज जमिनीने वाढलं नाही, पण अख्खा सह्याद्री कपाटात घेऊन बसलं, असं मला म्हणायचंय.

1914: एका दिवसात परके

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन नागरिक एकदम शत्रू ठरले. भारतातल्या जर्मनांना ताब्यात घेऊन छावण्यांत ठेवलं गेलं. त्यातली सगळ्यात मोठी छावणी आपल्या अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) होती. पाद्रीही सुटले नाहीत. पुढे अनेक जर्मन मिशनऱ्यांना बोटीत बसवून परत पाठवलं.

कॉलेजच्या बाजूने विचार करा. ज्या माणसांच्या फुकट श्रमांवर सगळं उभं होतं, तीच माणसं गेली. पाव शतक संस्कृत किंवा भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस कुठून आणणार? तात्पुरतं सांभाळायला इंग्रज जेझुइट आले. त्यांतले आल्बन गुडियर 1919 मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले. ब्लाटर स्विस, म्हणजे तटस्थ देशाचे. युद्धानंतरच्या वर्षांत ते प्राचार्य झाले. आणि मग हे मिशन स्पॅनिश जेझुइटांकडे सोपवण्यात आलं.

कल्पना करा: जर्मन लोकांनी बांधलेली इमारत, इंग्रजांचं राज्य, शिकवणारे स्पॅनिश, विद्यार्थी मुंबईचे. भाषा बदलली, माणसं बदलली, देश बदलले. टिकलं काय? इमारत, ग्रंथालय आणि कपाटं. संग्रहाला पासपोर्ट लागत नाही. नव्या माणसाने येऊन जुन्या माणसाच्या कागदापुढे आपला कागद लावायचा आणि काम पुढे न्यायचं. माझ्या मते या कॉलेजच्या टिकण्यातलं खरं इंगित हे आहे.

हेरास आणि इतिहासाची खोली

स्पॅनिश तुकडीतला सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे हेन्री हेरास. ते 1922 मध्ये मुंबईत आले. इतिहास शिकवायचा होता आणि त्यांनी भारताचा इतिहास हे आपलं क्षेत्र मानलं. 1926 मध्ये त्यांनी कॉलेजातच संशोधन संस्था काढली. ती आज हेरास इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. नाणी, शिल्पं, ग्रंथ, हस्तलिखितं असं सगळं त्यांनी जमवलं. विजयनगरच्या आरविडू घराण्यावरचं त्यांचं पुस्तक 1927 चं. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज मोराइश यांनी कदंबांवर ‘कदंब कुल’ लिहिलं. गोव्याच्या जुन्या इतिहासासाठी ते आजही उघडावं लागतं.

सिंधू लिपी आपण वाचली असं हेरास मानायचे, आणि ती भाषा द्राविडी असल्याचं सांगायचे. त्यांचं वाचन पुढच्या अभ्यासकांनी मान्य केलं नाही. लिपी आजही अनवाचलेलीच आहे. पण त्यांनी घातलेला पाया वेगळा होता. पदवीच्या कॉलेजात राहून, मूळ साधनं हातात घेऊन संशोधन करता येतं, हे त्यांनी मुंबईत करून दाखवलं. तेव्हा विद्यापीठाचे स्वतःचे पदव्युत्तर विभाग जेमतेम सुरू होत होते, हे लक्षात ठेवा. 1955 मध्ये हेरास गेले. 1981 मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर तिकीट काढलं.

कायद्यातली वाढ

स्वातंत्र्यानंतर कॉलेज वाढलं ते बरंचसं कागदावर. घटनेच्या कलम 30 ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिला. पण अनुदान सरकारचं, परीक्षा विद्यापीठाची. मग ‘चालवायचा हक्क’ म्हणजे नेमकं काय?

या प्रश्नावरचा मोठा निकाल मुंबईच्या झेवियर्सचा नसून त्याच्या अहमदाबादच्या नावबंधूचा आहे. गुजरातच्या विद्यापीठ कायद्यात बदल करून संलग्न कॉलेजांना विद्यापीठाचे घटक बनवायची, कारभारात विद्यापीठाची माणसं बसवायची सोय केली गेली. अहमदाबादच्या झेवियर्सने त्याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 1974 मध्ये सांगितलं की अशी कलमं अल्पसंख्याक कॉलेजांवर लादता येणार नाहीत. दर्जा राखण्यासाठी नियम करा, पण कारभारच काढून घेऊ नका, असा त्याचा मथितार्थ.

मुंबईत मग आणखी थर चढले. राज्यात दहा अधिक दोन अधिक तीनची पद्धत आली आणि अकरावी-बारावी कॉलेजांना जोडली गेली. त्याच चौकात वयाने लहान मुलं आली. 1969 मध्ये, शताब्दीच्या वर्षी, झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स सुरू झालं. 2003 मध्ये दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी संसाधन केंद्र आलं. पुस्तकं वाचता यावीत म्हणून लागणारं तंत्रज्ञान आणि त्यांच्या हक्कांचं काम दोन्ही तिथे चालतं. मराठी वाङ्मय मंडळ आपला ‘आमोद’ महोत्सव करतं, आणि ‘झेवियर्समध्ये मराठी कोण बोलतं?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर मिळतं.

2010 मध्ये कॉलेज स्वायत्त झालं. स्वायत्त म्हणजे विद्यापीठापासून फुटलं असं नाही. पदवी मुंबई विद्यापीठाचीच. पण अभ्यासक्रम, परीक्षा, गुणपद्धती कॉलेजच्या हातात. गंमत बघा. 1869 मध्ये विद्यापीठ परीक्षा घ्यायचं आणि कॉलेज शिकवायचं. आता परीक्षाही कॉलेजची. जमीन होती तेवढीच, अधिकार मात्र वाढले.

आता अडचण कुठे आहे?

2015 मध्ये पहिल्यांदा पाद्री नसलेले प्राचार्य आले. 2018 मध्ये डॉ. राजेंद्र शिंदे प्राचार्य झाले. जवळपास दीडशे वर्षांत कॅथलिक नसलेले ते पहिले. बातम्यांमध्ये भर त्यावरच होता. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि ब्लाटर हर्बेरियमशी वर्षानुवर्षं जोडलेले. ब्लाटर प्राचार्य झाले त्याला तेव्हा सुमारे शंभर वर्षं होत होती. देश, धर्म, भाषा सगळं वेगळं, कपाटं तीच.

पण आयुष्यभर एकाच कपाटापाशी बसणारा व्रती प्राध्यापक आता मिळणार नाही. पाद्री होणाऱ्यांची संख्या कमी झाली आहे. त्यांची जागा पगारी प्राध्यापकांनी घेतली, आणि ते योग्यच झालं. मात्र राज्यात अनुदानित प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर काम भागवलं जातं. तासाप्रमाणे पैसे घेणाऱ्या शिक्षकाला शीटं लावायला वेळ कोण देणार? त्याचं नाव कोणत्या रकान्यात लिहिणार?

‘डिजिटायझेशन करा’ हे सोपं उत्तर लोक देतात. करायलाच हवं. पण फोटोवरून वनस्पतीचं नाव बरोबर आहे की नाही, हे कोण सांगणार? फुलाचा पुंकेसर भिंगाखाली बघणारा माणूस लागतोच. जुन्या शीटवरचं नाव नव्या संशोधनाप्रमाणे बदलायचं तरी तोच लागतो. नाणं, ताम्रपट, हस्तलिखित यांचंही तसंच. ते वाचणारा नसेल तर संग्रह म्हणजे काळजीपूर्वक ठेवलेली धूळ.

इमारतीला निदान नियमावलीचं संरक्षण आहे. कमान पाडायची म्हटली तर समिती विचारेल, वर्तमानपत्रं लिहितील. कपाटासमोरची खुर्ची रिकामी झाली तर कोणालाच कळत नाही. आणि या कॉलेजचा इतिहास आपल्याला हेच सांगतो की हाकलली गेलेली माणसं, बदललेली राज्यं, बदललेले कायदे या सगळ्यांतून ते तरलं ते प्रत्येक वेळी कोणीतरी येऊन त्या खुर्चीवर बसलं म्हणून.

तुमच्या गावातल्या, तुमच्या स्वतःच्या जुन्या कॉलेजातही असं एखादं कपाट असणार. प्राणिशास्त्राच्या बाटल्या असतील, एखाद्या मास्तरांनी जमवलेली दगडांची पेटी असेल, पोथ्यांचा गठ्ठा असेल. पुढच्या वेळी गेलात तर नव्या इमारतीचं कौतुक जरूर करा. मग एवढंच विचारा: या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, आणि त्यांच्यानंतर कोणाकडे जाणार?